चादर माणसाला, काड कुत्र्याला

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला पुण्यवान समजू नये. जेऊरच्या बाजूला आमच्या शेतातल्या वस्तीवर लहानपणी दोन कुत्री होती, पण ती राखणीला. त्यांना कोणी गोंजारत नसे. मीही गोंजारलं नाही.

माझ्या घरमालकांचं तसं नव्हतं. सोलापुरात पूर्व भागात, विणकरांच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली, तिथं मी राहते. कडक भाकरी करून विकते. नवरा फार वर्षांपूर्वी गेला. मुलगी अकलूजला दिली, ती तिच्या संसारात आहे. मालकांचीही बायको वारलेली, मुलगा पुण्याला नोकरीत. आमच्या दोघांच्या मध्ये एका विटेची भिंत. पलीकडे पातेल्यावर झाकण पडलं तरी इकडे कळे. अकरा वर्षं ते तिकडे आणि मी इकडे. चहाला एकमेकांच्या घरी कधी गेलो नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. गल्लीतही त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे कुत्रेमामा म्हणत, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही नव्हतं. सारा जन्म मागाच्या खडखडाटात गेल्यामुळे ते बोलायचे ते ओरडूनच. साधं "पाणी आलं का" विचारलं तरी भांडण लागलंय असं वाटे. माणसांशी मराठी बोलत, कुत्र्यांशी तेलुगू. "रा, रा" म्हटलं की कुत्री येत आणि "पडुको" म्हटलं की झोपत. अकरा वर्षांत मला तेवढेच दोन शब्द आले.

गल्लीत सात-आठ कुत्री. त्यातलं घरात कोणी येत नसे. मी एकदा म्हटलं, "एवढी काळजी हाय तर आत घ्या की." त्यांनी दार सताड उघडलं आणि त्यांची लाडकी तांबडी कुत्री हाक मारून आत घेतली. ती चार पावलं आली, भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि थरथरत मागच्या मागं बाहेर गेली.

"बघा," मालक ओरडले, "रस्त्यावरची हाय ती. भिंत तिला थंडीपेक्षा वंगाळ. तिला हितंच ऊब द्याला पायजे, भाईर."

म्हणूनच त्यांनी पेट्या केल्या होत्या. कारखान्यातल्या मोडक्या फळ्या आणून एकेका कुत्र्याला एकेक पेटी. माप घ्यायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. दुपारी उन्हात कुत्रं वेटोळं करून झोपलं की हे टेप घेऊन दबक्या पावलानं जायचे, शेजारी उकिडवे बसायचे आणि अंगाला न लावता वरच्या वर माप घ्यायचे. कुत्रं जागं झालं तर उठून निघून यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"उभ्या कुत्र्याचं माप घ्या की, पटकन होईल," समोरचा रिक्षावाला हसला.

"तू उभा झोपतोस काय रे?"

"न्हाई मामा."

"मग गप बस."

पेटी मोठी झाली की ती गार होते, असं त्यांचं म्हणणं. कुत्र्याच्या अंगातली ऊब चारी भिंतींना पोचायला हवी, म्हणून पेटी झोपलेल्या कुत्र्याएवढीच. खाली चार विटा, म्हणजे जमिनीचा गारवा वर येत नाही. तोंड लहान, एका कडेला, आणि वारा येतो त्या बाजूला पाठ. तोंडावर सुताच्या पोत्याचा पडदा. हे सगळं ते मागावर सूत चढवावं तशा निगुतीनं करत.

आणि रोज सकाळी, अजून नीट उजाडलेलं नसताना, एकेका पेटीत हात घालून बघत. कुत्रं उठून बाहेर आलेलं असे, आळस देत असे, आणि हे पेटीसमोर गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात आत. ऊब लागली तर काही न बोलता पुढे. गार लागलं तर तिथंच बसत. म्हणजे ते कुत्रं रात्रभर त्या पेटीत झोपलं नाही. का झोपलं नाही? ओल आहे? पिसवा आहेत? दुसऱ्या कुत्र्यानं हाकललं? सापडेपर्यंत चहा नाही.

"हातानं काय कळतंय?" मी विचारलं.

"हातानंच कळतंय. कुत्रं सांगत न्हाई."

सोलापूरला थंडी कुठली, असं सगळे म्हणत. खरं आहे, इथं उन्हाचंच राज्य. पण दिवाळी झाल्यापासून संक्रांतीपर्यंत पहाटे जमीन गार पडते, आणि जमिनीवर झोपणाऱ्याला ते कळतं. मी जमिनीवरच झोपते, मला कळतं.

हे सांगायचं कारण म्हणजे मालकांची एक मोठी चूक. पहिल्या वर्षी मी राहायला आले तेव्हा पेट्यांत ते चादरी घालत. स्वतः विणलेल्या, जाड, भारी चादरी. चाळीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं. त्यांच्या घरी पत्र्याची मोठी पेटी चादरींनी भरलेली होती. आलेल्या माणसाच्या हातात चादरीचं टोक देऊन म्हणायचे, "धरा, धरा. उजेडाकडं करून बघा. दिसतंय काय पलीकडचं? वारा हिच्यातनं जात न्हाई." चादरीनं थंडी थांबत नाही असं कोणी म्हणालं असतं तर त्याला त्यांनी घरातून काढलं असतं.

त्या वर्षी तांबडीला पाच पिल्लं झाली होती. मालकांनी त्यांच्या पेटीत एकावर एक तीन चादरी अंथरल्या. मी येता-जाता बघत होते. मला तेव्हाच पटलं नव्हतं, पण नवी भाडेकरू होते, गप्प बसले. तेवढी माझीही चूक.

पौषात एका सकाळी ते माझ्या दारात आले आणि नेहमीसारखं ओरडले नाहीत. "बाई, जरा या." पेटीतली तीन पिल्लं मेली होती. दोन जिवंत होती ती तांबडीच्या पोटाखाली शिरलेली.

"चादर होती की," ते म्हणाले. "तीन चादरी होत्या."

मी चादर ओढून बाहेर काढली आणि पिळली. पाणी गळलं. दव होतं, पिल्लांचं मूत होतं, आईच्या अंगाचा दमटपणा होता. कापूस सगळं पितो आणि धरून ठेवतो. ओली चादर अंगाखाली म्हणजे तापात कपाळावर ठेवतो ती पट्टी.

"चादर माणसाला असते मालक," मी म्हटलं. "माणूस ती वाळत घालतंय. कुत्रं घालतंय का? कुत्र्याला काड पायजे. गव्हाचं काड. आमच्याकडं वासरांच्या खाली तेच टाकत्यात. पाणी खाली जातंय, वरचं कोरडं राहतंय, आणि जनावर त्यात घुसून बसतंय."

ते खाली पडलेल्या पाण्याकडे बघत राहिले. मग चादर माझ्या हातातून घेतली, तिची घडी घातली, ओलीच, आणि आत गेले.

आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. समोरून आले तर मान फिरवत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी खरं तेच सांगितलं होतं. पण भिंतीपलीकडून आवाज येत नव्हता. कुत्र्यांवरही ओरडत नव्हते. नवव्या दिवशी रिकामं पोतं घेऊन दारात उभे.

"काड कुटं मिळतंय?"

"आता न्हाई मिळत. गहू निघतो तवा धरून ठेवायला पायजे, होळीच्या पुढं."

"मग आता?"

"आता तुमच्या कारखान्यातली रिकामी पोती फाडून चिंध्या करा, रोज वाळवा. फुडल्या साली काड."

त्या साली त्यांनी रोज वाळवलं. आणि पुढच्या चैत्रात, डोक्यावर ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय, तेव्हा मालक सायकलीवर काडाचे भारे लादून खेड्यातून घरी येताना सगळ्या गल्लीनं बघितलं.

"मामा, उन्हाळ्यात थंडीची तयारी?" रिक्षावाला.

"उन्हाळ्यातच करतंय शाणा मानूस. तू पावसात टप शिवतोस, म्हणून गळतोय."

तेव्हापासून दर वर्षी. यंत्रातून निघालेलं बारीक भुसकट नको, ते नाकाडोळ्यात जातं. उसाचं पाचट नको, त्याला धार असते. लांब, पिवळं, कोरडं गव्हाचं काड. घरात पलंगाखाली, मोरीच्या माळ्यावर, सगळीकडे काडच. घराला खळ्याचा वास येई. माझं गाव सुटून पन्नास वर्षं झाली, पण भिंतीच्या फटीतून तो वास इकडे यायचा. कधी बरं वाटायचं, कधी नाही.

त्यानंतर त्यांनी कोणाच्या हातात चादरीचं टोक दिलं नाही.

थंडीत त्यांचा आणखी एक उद्योग होता. पहाटे पेट्या बघून झाल्या की गल्लीतल्या एकेका गाडीच्या पुढच्या पत्र्यावर बोटांनी ठकठक वाजवत जायचे. रात्री आलेल्या गाडीचं इंजिन गरम असतं, पिल्लं तिथं खाली शिरतात. लोक वैतागत. वरच्या मजल्यावरची मास्तरीण एकदा खिडकीतून ओरडली, "अहो, साडेपाच वाजलेत!"

"तुमच्या घड्याळात वाजले, पिल्लाकडं घड्याळ न्हाई!"

संध्याकाळी माझ्याकडे यायचे, तुटक्या भाकरी न्यायला. कडक भाकरी तुटली की गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून मी देत होते. त्यात दया नव्हती. ते गरम पाण्यात भिजवून, वर थोडं तेल घालून कुत्र्यांना देत. पोट रिकामं असलं की काड काय करणार, असं म्हणत. भाकरी देताना आमचं बोलणं व्हायचं ते एवढंच. आज तांबडी लंगडते. आज काळ्यानं खाल्लं नाही. आज वारा फिरलाय.

मी कशी आहे असं त्यांनी अकरा वर्षांत विचारलं नाही. एका थंडीत मला छातीत कफ झाला होता, आठ दिवस खोकत होते. सकाळी ते भिंतीपलीकडून ओरडले, "बाई, खोकतंय कोन? तुमी का तांबडी?"

"मी."

"मग हरकत न्हाई."

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. त्यांच्या घरात चादरींनी भरलेली पेटी होती आणि माझ्याकडे एक विरलेली गोधडी. पण मी मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी दिली असती, हेही मला माहीत होतं. तरी नाही मागितली.

आता जे सांगायचं ते सांगते.

त्यांचा मुलगा दर दिवाळीला गाडी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "नान्ना, चला पुण्याला." माणूस चांगला होता. बापाच्या अंगावर ओरडत नसे. दर वर्षी मालक म्हणायचे, थंडी संपू दे. थंडी संपली की मुलाला सवड नसे आणि यांना काड गोळा करायचं असे. असं चाललं होतं. पण पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मालक खूपच वाळले होते. वाकून पेटीत हात घातला की उठताना भिंत धरावी लागे. डॉक्टरांनी छाती जपा म्हणून सांगितलं होतं. मुलगा ह्या वेळी हटला नाही. त्यानं कपड्यांची पिशवी भरली आणि अंगणात आणून ठेवली.

मी दारात भाकऱ्या उन्हाला मांडत होते. मालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, मी गेलो तर सकाळी हात घालून बघशीला काय? बाकी काय नको. भाकरी तुमी देताच. काड भरून ठेवलंय. फकस्त हात घालायचा."

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे सांगत होते, हो म्हणा.

मी म्हटलं, "मला न्हाई जमायचं. मला कुत्री आवडत न्हाईत."

"मावशी, थंडीपुरतं हो," मुलगा म्हणाला. "मी कोणालातरी..."

"न्हाई म्हटलं ना."

मालकांनी पिशवी उचलली. त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. उलट ते खूश दिसले. "बघ," मुलाला म्हणाले, "बाई न्हाई म्हनत्यात. बाई खोटं बोलत न्हाईत." आणि पिशवी घेऊन घरात गेले. मुलगा संध्याकाळी एकटाच परत गेला.

बाई खोटं बोलत नाहीत. पण त्या दिवशी मी खोटं बोलले. मला जमलं असतं. हात घालायला काय लागतं? वस्तीवर वासरांच्या खाली मी किती वेळा हात घालून बघितलं आहे. मी नाही म्हणाले ते कुत्र्यांमुळे नाही. ते गेले असते तर पुढच्या घराला कुलूप लागलं असतं. पलीकडे झाकण पडलं नसतं, कोणी ओरडलं नसतं, काडाचा वास आला नसता. मला पलीकडे कोणीतरी हवं होतं. ते मला विचारत नव्हते तरी चाललं असतं, नुसते असायला हवे होते. म्हणून मी म्हातारा माणूस थंडीत ठेवून घेतला.

त्या वर्षी पौषात आभाळ आलं. चार दिवस बारीक पाऊस आणि वारा. सोलापुरात असं क्वचित होतं. तांबडी म्हातारी झाली होती, तिचे मागचे पाय धरले होते, पेटीतच घाण करत होती. मालक दिवसातून तीन वेळा काड बदलत. डोक्यावर पोतं घेऊन पावसात गुडघे टेकत, ओलं काढत, कोरडं भरत.

"मालक, अंग तापलंय तुमचं, इथनं दिसतंय," मी म्हटलं. "आत जावा."

"काड संपू द्या एवढं."

"मी घालते काड. जावा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमाला आवडत न्हाईत की," म्हणाले आणि भरत राहिले.

तिसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. मी मास्तरणीला सांगून मुलाला फोन लावला. दुपारपर्यंत तो आला. चौघांनी मालकांना उचलून गाडीत ठेवलं. अंगावर त्यांचीच एक चादर होती. गाडी निघताना त्यांनी काचेवर बोटांनी ठकठक केलं. मुलाला वाटलं, त्यांना काही हवंय. त्यानं काच खाली केली. पण त्यांना मीच हवी होते.

"बाई, तांबडी उजव्या कुशीला झोपते," ते म्हणाले. ओरडायला आवाज उरला नव्हता. "हात डावीकडनं घाला, न्हाईतर दचकती."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. गाडी गेली.

पाचव्या दिवशी फोन आला, मालक गेले. वय झालं होतं, असं सगळे म्हणतात. दिवाळीत गेले असते तरी गेले असते, असंही म्हणतात. म्हणोत. मी स्वतःला तसं सांगत नाही.

तांबडी त्या थंडीत मेली नाही. उन्हाळ्यात मेली, आंबे आले होते तेव्हा, लिंबाच्या सावलीत. जिच्यासाठी ते राहिले ती चांगली जगली.

मुलानं घर विकलं नाही. मावशी तुम्ही आहात तोवर असू दे, म्हणाला. सामान काढताना चादरींची पेटी उघडली आणि मला म्हणाला, एक घ्या. मी घेतली. थंडी होती. ती जाड आहे, उजेडाकडे धरली तर पलीकडचं काही दिसत नाही. मालक त्याबद्दल खोटं सांगत नव्हते.

पुढच्या घराला कुलूप आहे. जे होऊ नये म्हणून मी नाही म्हणाले, तेच झालं. भिंतीपलीकडे काही पडत नाही.

चैत्रात मी काड आणते. सायकल येत नाही म्हणून रिक्षात टाकून आणते. तोच रिक्षावाला. आता तो हसत नाही, पण दर वेळी म्हणतो, "मावशी, सीटवर काड सांडतंय." मी म्हणते, झाडून टाक. दिवाळीनंतर पेट्या भरते. सकाळी गुडघे टेकून हात घालते. ऊब लागली तर पुढे जाते, गार लागलं तर बसून कारण शोधते. कुत्री मला अजून आवडत नाहीत. त्यांनाही मी फारशी आवडत नसावी, कारण मला तेलुगू येत नाही, "पडुको" म्हटलं तर माझ्याकडे बघत उभी राहतात. मी मालकांना शब्द दिला नव्हता, म्हणून हे शब्द पाळणं नव्हे.

मात्र आता एक सवय लागली आहे. पहाटे उठले की बाहेर जायच्या आधी मी त्या चादरीखाली, जिथं रात्रभर झोपले होते तिथं, डावीकडून हात घालून बघते. ऊब असते. मग पेट्यांकडे जाते.